कोरी जोडकार्डं

आमचे वकीलसाहेब पत्राला उत्तर देत नसत. आळस म्हणून नव्हे. आळशी माणसाला निदान लाज तरी असते. यांचं ते तत्त्व होतं, आणि एकदा तत्त्व म्हटलं की माणूस सुधारण्याची आशाच संपते.

वकीलसाहेब म्हणजे माझे यजमान. खामगावात त्यांची वकिली होती. खरं सांगायचं तर वकिली माझ्या सासऱ्यांची होती. त्यांनी चाळीस वर्षं घासून नाव कमावलं आणि यांनी ते काळ्या कोटासारखं खुंटीवरून काढून अंगात घातलं. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील आणि मला त्या घरात येऊन दहा. घर रस्त्याला लागून, पुढे लांब ओटा, ओट्यामागे बैठकीची खोली. खोलीत टेबल, कायद्याची पुस्तकं आणि भिंतीला टांगलेली एक जाड तार. आलेलं पत्र त्या तारेला टोचायचं, एवढाच आमच्याकडचा पत्रव्यवहार.

खेड्यातला माणूस वकिलाला लिहायचा तो जोडकार्डावर. दोन कार्डं एकमेकांना जोडलेली. एकावर आपली अडचण, दुसरं कोरं, आणि त्या कोऱ्यावर लिहिणाऱ्याने स्वतःचाच पत्ता घालून ठेवलेला. म्हणजे वकिलाने दोन ओळी खरडायच्या आणि कार्ड पेटीत टाकायचं. कुणी एवढी सोय करून दिली तर दगडालाही उत्तर द्यावंसं वाटेल. हे दगडाहून घट्ट. कोरं कार्ड फाडून घ्यायचे आणि रविवारच्या पत्त्यांच्या डावाचे गुण त्यावर लिहायचे. कागद कडक म्हणून त्याची सुरळी करून कान कोरायचे. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली मोताळ्याकडच्या कुणा शेतकऱ्याचं कार्ड घडी घालून बसवलं होतं. त्या शेतकऱ्याचं काम झालं की नाही देव जाणे, टेबल मात्र पुन्हा हललं नाही.

एकदा मी विचारलं, "अहो, दोन ओळी टाकल्या तं काय बिघडते?"

"तुले नाई समजत ते," हे म्हणाले. "वकिलानं लगेच जवाब देल्ला ना, तं पक्षकाराले वाटते का याच्यापाशी कामच नाई. ज्याले गरज असन तो येईन पायानं."

आणि तो यायचा खरंच, बिचारा. सकाळच्या मोटारीने येऊन ओट्यावर बसायचा. याला त्याला सगळ्यांना एकाच दिवशी, बाजाराच्या दिवशी, एकाच वेळी बोलावलेलं. कारण ओट्यावर पागोटी दिसली पाहिजेत. रस्त्याने जाणाऱ्याने मोजली पाहिजेत. आत यांचं दुसऱ्यांदा चहा घेणं चाललेलं. मग वर्तमानपत्र, तेही जाहिरातींसकट. मग खिडकीच्या फटीतून ओट्यावर नजर टाकायची आणि पागोटी कमी दिसली तर आणखी अर्धा तास पूजा लांबवायची. देवालासुद्धा यांनी गर्दी जमवायच्या कामाला लावलं होतं.

त्याच सुमारास गावात एक नवा वकील आला. मळेवाल्याचा मुलगा, अंगाने काटकुळा, सायकलवर हिंडणारा. मोटारस्टँडाजवळ एक खोली घेऊन बसला होता. त्याची गोष्ट आमच्या बैठकीत थट्टेची झाली. पत्र आलं की त्याच दिवशी उत्तर टाकतो. काही सांगण्यासारखं नसलं तरी "पत्र मिळालं, बुधवारी दुपारी या" एवढं तरी लिहितो. आणि पक्षकार खोलीत आला की म्हणे खुर्चीवरून उठून उभा राहतो.

"बापानं आयुष्यभर भाजी विकली," हे मांडीवर थाप मारून म्हणायचे, "पोरगा गिऱ्हाईक पाह्यलं का उभा राह्यते! सवय कोठी जाईन?"

मंडळी हसायची. मी आत पोहे परतत असायची. मला हसू यायचं नाही. मेहकरकडच्या माझ्या वडिलांनी आपल्या बांधाच्या तंट्यासाठी अशाच एका ओट्यावर दिवसचे दिवस काढलेले मी पाहिले होते. तिथून परत आले की ते कुणाशी बोलत नसत.

एक दिवस टपालात पिंपळगाव राजाकडून एक जोडकार्ड आलं. अक्षर शाळामास्तरचं, म्हणणं एका बाईचं. नवरा वारून दोन वर्षं झालेली. दोन लेकी. अडीच एकराचा तुकडा, त्यावर विहीर, विहिरीवर वांगी आणि मिरच्या. दिराने तहसिलीत जाऊन तो तुकडा आपल्या नावावर चढवून घेतला होता आणि तहसिलीचा निकालही त्याच्याच बाजूने लागला होता. वरच्या साहेबाकडे दाद मागता येते असं कुणी तरी तिला सांगितलं होतं. शेवटी मास्तरांनी तिच्याच बोलीत लिहिलं होतं, "एवढं वावर गेलं तं मले दुसऱ्याच्या धुऱ्यावर निंदायले जा लागते. लेकीइले घेऊन. काय करू ते सांगा."

यांनी वाचलं की नाही कुणास ठाऊक. कोरं कार्ड फाडून बाजूला ठेवलं आणि बाकीचं तारेला टोचलं.

मी मराठी सातवी पास झालेली बाई. सासरे होते तेव्हा त्यांची पत्रं मीच लिहून द्यायची. कुठला कागद मागवायचा, कुणाला कधी बोलावायचं, एवढं मला पाठ होतं. हे कोर्टात गेल्यावर मी ते कोरं कार्ड उचललं आणि लिहिलं: "तहसिलीच्या निकालाची नक्कल काढा. नवऱ्याच्या वेळचे पटवाऱ्याकडचे कागद असतील ते सुती फडक्यात बांधून आणा. सकाळच्या मोटारीने या. शिदोरी आणू नका, इथेच दोन घास खा." खाली लिहिलं, "वकीलसाहेबांकडून". आणि दळण आणायला जाताना पेटीत टाकलं.

ती आली. चाळिशीची, उन्हाने रापलेली, बोलायला थेट. फडकं सोडून तिने कागद पुढे ठेवले. हे त्या दिवशी खुशीत होते, कारण ओट्यावर आठ पागोटी होती. कागद चाळून म्हणाले, "मामला चांगला हाये. अपील तयार करतो. झालं का अंगठ्याले बोलावतो."

"कवा येऊ मंग?" तिने विचारलं.

"कळवीन."

तो शब्द ऐकून मला आत हसू फुटलं. यांच्या तोंडचं 'कळवीन' म्हणजे विषय संपला.

पण आता मला चटक लागली होती. यांनी टोचलेली कार्डं मी दुपारी उतरवायची, कोरी कार्डं टेबलावरून गोळा करायची आणि उत्तरं लिहायची. तारखा यांच्या डायरीत असत. कायद्याचं मी एक अक्षर लिहीत नसे. कधी यायचं, काय आणायचं, तारीख पुढे गेली आहे, फुकट फेरा मारू नका, एवढंच. माणसाला बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं. आणि माणसं येऊ लागली. मोताळ्याकडची, नांदुऱ्याकडची. कुणी कार्डावरून आला म्हणून दुसऱ्याला सांगायचा, दुसरा लिहायचा. दोन महिन्यांत ओट्यावर बसायला जागा पुरेना.

याचा हिशेब वकीलसाहेबांनी कसा लावला? एका रविवारी डाव रंगात असताना म्हणाले, "पाह्य लेका. म्या आजवर कोणाले एक अक्षर लेहलं नाई. तरी लोक येऊन राह्यले. याले म्हन्तात वजन!"

मी चहाचं तबक घेऊन दारात उभी होते. यांच्या डाव्या हाताला बसलेल्या एका वकिलाने सहज म्हटलं, "वहिनीचं अक्षर सुंदर हाये म्हन्तात. त्यायलेच बसवा ना पत्रं लेहायले."

"हाव, सुंदर हाये," हे पानं लावत म्हणाले. "लोणच्याच्या बरण्याइवर चिठ्ठ्या लावायले लय कामी पडते."

सगळे हसले. मी तबक ठेवलं आणि आत आले.  एवढा मोठा माणूस, ज्याला आपल्याच घरातून रोज चार कार्डं जातात हे दोन महिन्यांत कळलं नाही, ज्याने एकदाही पक्षकाराला विचारलं नाही की बाबा तू नेमका आजच कसा आलास! पक्षकार "तुमचं कार्ड भेटलं" म्हणायचा तर हे मान हलवायचे. कुणी रामराम घातल्यासारखी. ऐकलंच नव्हतं यांनी कधी कुणाचं.

ठरवलं, बस. आता एक अक्षर लिहिणार नाही. बघू यांचं वजन किती भरतं ते.

त्या दिवसापासून कार्डं तारेला लागली ती लागली. मी रोज झाडू मारताना बघायची आणि हात लावायची नाही. पहिल्या बाजाराला फरक पडला नाही. दुसऱ्याला पागोटी निम्मी झाली. तिसऱ्याला ओट्यावर दोघं, त्यातला एक उन्हाचा टेकलेला. यांनी पूजा लांबवून पाहिली. देव थकला, ओटा भरला नाही. मग कारणं सुरू झाली. राजधानी नागपूरहून मुंबईला गेली म्हणून वऱ्हाडातली वकिली बसली. यंदा कापूस कमी आला म्हणून. लोक हल्ली भांडेनासे झालेत म्हणून! पिढ्यान्‌पिढ्या वीतभर धुऱ्यासाठी, शेताच्या बांधासाठी, डोकी फोडणारे आमचे लोक यांच्या सोयीने संत झाले होते.

लोक कुठे गेले होते ते मला बाजारात जाताना दिसायचं. मोटारस्टँडाजवळच्या त्या खोलीबाहेर बाकं टाकली होती. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे येणारा एक म्हातारा तिथे बसलेला दिसला. मला पाहून त्याने मान खाली घातली. मी मनातून खूश झाले होते, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, आता यांच्या डोक्यात प्रकाश पडेल.

अशात पिंपळगावच्या बाईचं कार्ड आलं.

मधे एकदा तिने "येऊ काय?" म्हणून विचारलं होतं आणि मीच तिला लिहिलं होतं, "अजून कागद झालेला नाही. वांग्याचा तोडा सोडून फेरा मारू नका. कागद तयार झाला की कार्ड टाकतो, कार्ड आलं की मगच या." तिचा दिवस बुडू नये म्हणून लिहिलं होतं. आता तिने लिहून पाठवलं होतं, "तुमी कार्डाबिगर येऊ नका म्हनलं म्हनून आली नाही. मास्तर रोज टपाल पाहून राह्यले. कागद झाला काय?"

कागद झाला होता. टाईप करून आणलेला, टेबलाच्या खणात, फक्त तिच्या अंगठ्यावाचून अडलेला. आणि मुदत मला माहीत होती. निकालाची नक्कल मीच उलगडून वाचली होती. संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी मुदत सरत होती.

मी यांना म्हटलं, "त्या पिंपळगावच्या बाईचं कार्ड आलं हाये."

"येईन की ते."

"अन् मुदत?"

"हाये मह्या ध्यानात," असं म्हणून यांनी कोरं कार्ड फाडलं आणि सुरळी करून कानात घातलं.

त्या क्षणी मी काय केलं ते सांगते. मी काहीच केलं नाही. चौदा दिवस हातात होते. एक ओळ लिहायची होती: "कागद झाला, उद्याच या." लेखणी दौतीत होती. पण मला यांना उघडं पडलेलं बघायचं होतं. कुणी तरी यांच्या तोंडावर म्हणायला हवं होतं की तुमच्यामुळे माझं नुकसान झालं. मला वाटलं, शेवटच्या दोन दिवसांत तरी यांना घाम फुटेल, हे माणूस पाठवतील, धावपळ करतील आणि मग त्यांना कळेल की कार्ड म्हणजे काय असतं. मधेच भावाला मुलगा झाला, बारशाचं बोलावणं आलं. मी माहेरी निघून गेले. मोटारीत बसताना मुदत आठवली होती. नव्हती आठवली असं नाही.

मेहकरकडून परतले तेव्हा सोमवार होऊन गेला होता. मी पहिल्यांदा खण उघडून पाहिला. कागद होता तिथेच. अंगठ्याची जागा कोरी.

बाजाराच्या दिवशी ती आली. कार्ड न येताच आली. ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं, तरी हे तिला बसवून आत वर्तमानपत्र वाचत होते. मग बोलावलं. मी दाराआड उभी.

यांनी खणातून कागद काढला, नक्कल पाहिली, बोटांवर मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मुदत तं गेली वं! आता येऊन राह्यली? काऊन नाई आलीस आधी?"

बघा, काय माणूस! मला वाटलं होतं हे उघडे पडतील. उघडं पडायला अंगावर आधी काही तरी शरम असावी लागते.

"कार्ड नाई आलं ना जी," ती म्हणाली.

"कार्ड? म्या कधी कार्ड टाकतो काय कोणाले? इतके वर्सं झाले वकिली करून राह्यलो, कोणाले एक कार्ड नाई टाकलं."

 तिची नजर हळूहळू यांच्यावरून निघून दारावर आली. पडदा होता मधे, पण अर्धवट. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर वळवली. तिने कागद गोळा केले, त्याच सुती फडक्यात बांधले आणि ओटा उतरली. "जाऊ दे," हे मला म्हणाले, "असे पक्षकार डोक्याले तापच असतात." पक्षकार गेला याचं यांना वाईट वाटलं नाही; आपला एक ताप गेला असं वाटलं. पुढे दोन वर्षांत सगळेच ताप गेले. हे ओट्यावर एकटे बसून रस्ता बघायचे आणि मळेवाल्याच्या मुलाने लोकांना लाडावून ठेवलं असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

ती बाई त्या दिवशी ओटा उतरून कुठे गेली असेल हे सांगायला नको. पुढच्या बाजाराला ती परत आली, पण ओट्यावर नाही. मागच्या अंगणात, मी धुणं वाळत घालत होते तिथे. हे कोर्टात होते. तिने पदरात बांधलेली दोन कार्डं सोडली. माझीच.

"बाई," ती म्हणाली, "हे तुमचं अक्षर हाये."

मी हातातलं लुगडं पुन्हा पिळलं.

"मले पयल्या दिवशीच समजलं होतं. मास्तरनं वाचून दाखोलं, शिदोरी आनू नका म्हनून. म्या म्हनलं, वकील कायले असं लेहते? हे बाईमानसाचं काम हाये." ती जराशी हसलीसुद्धा. मग म्हणाली, "त्या स्टँडावरच्या वकिलानं सांगतलं, मुदत गेली तरी साहेब माफ करू शकते. पन उशीर काऊन झाला त्याचं कारन दाखवा लागते. तो म्हने, ह्या कार्डाइवर सही नाई. ज्यानं लेहलं त्यानं लेहून द्यावं, का बाईले थांबा म्हनून म्याच सांगतलं होतं, अन् मंग कार्ड टाकायचं राहून गेलं. दोनच ओळी. तुमी लेहून द्या. बाकी मले काई नाई पाह्यजे."

दोन ओळी. मी आयुष्यात कुणासाठी लिहिलेल्या सगळ्या ओळींत त्याच दोन खऱ्या कामाच्या ठरल्या असत्या. आणि मला दिसू लागलं ते असं: साहेबापुढे कागद वाचला जातो आहे. वकिलाच्या बायकोने लिहून दिलंय की वकिलाची पत्रं ती लिहायची, वकिलाला पत्ताच नव्हता, आणि मग तिने मुद्दाम बंद केली. कचेरीत हशा. तालुकाभर हशा. मग हे घरी येतात. माहेरी तीन भाऊ, तीन भावजया. मला आमच्या वकीलसाहेबांची किंमत कवडीची वाटत होती, पण मी त्यांच्याच घरात राहत होते आणि त्यांच्याच ओट्यामागे वकीलीणबाई म्हणवून घेत होते. ते मला सोडवेना.

मी म्हटलं, "आता घाईत हाय मी. पुढच्या बाजाराले या. लेहून ठेवतो."

तिचा विश्वास बसला. का बसू नये? मी जे जे लिहिलं होतं ते ते आजवर तिने पाळलंच होतं. "येतो मंग," म्हणाली आणि गेली.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगत बसत नाही. कागद दोनदा पुढे घेतला. एकदा एक ओळ लिहिलीसुद्धा आणि चुलीत घातली. बाजाराच्या दिवशी सकाळीच मी मागच्या दाराला आतून कडी लावली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

ती दुपारी आली. कडी वाजली. "बाई," तिने हाक मारली. "हायेत काय बाई?" थोड्या वेळाने पुन्हा कडी वाजली. मग तिचं पायरीवर बसणं ऐकू आलं, पाटी खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मी चुलीपुढे बसून होते. चूल पेटलेली नव्हती. आवाज होईल म्हणून मी पाट सरकवला नाही, खोकला आला तो पदरात दाबला. मला वाटत होतं ती चिडेल, दोन शिव्या देईल, म्हणजे मला तरी हलकं वाटेल. तिने तसलं काही केलं नाही. बराच वेळ ती बसून होती. शेवटच्या मोटारीची वेळ झाली तशी उठली आणि तिसऱ्यांदा कडी वाजवली, अगदी हळू, आत कुणी निजलं असेल तर झोपमोड होऊ नये अशी. मग गेली.

मी बऱ्याच वेळाने दार उघडलं. पायरीवर फडक्यात बांधलेली वांगी होती, काटेरी देठांची, सकाळीच तोडलेली. पाच-सात महिन्यांनी बाजारात एका पिंपळगावच्या माणसाकडून कळलं की माफीचा अर्ज चालला नाही, तुकडा दिराकडेच राहिला, आणि ती लेकींना घेऊन दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते.

पण ते नंतर. त्या दिवशी संध्याकाळी मी वांग्यांची भाजी केली. टाकवेना आणि ठेववेना, म्हणून केली. यांनी दोनदा मागून घेतली. भाकरीचा तुकडा ताटात फिरवत म्हणाले, "वांगे लय चांगले हायेत वं. कोणं आनले?"

मी खाली मान घालून वाढत राहिले.

"कोणं आनले, इचारून राह्यलो ना?"

मी उत्तर दिलं नाही.